बिनवासाचा वायू

मुलगी चौथीत गेली तेव्हा मला घरी बसवेना. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, ती नोकरी बाळंतपणात सुटली होती. जुन्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे शब्द टाकला. त्यांनी एका बाईंचा फोन नंबर दिला आणि म्हणाले, "पीण्याला, कारखान्यांच्या भागात, शेड घेतलीय त्यांनी. धुरापासून वीज करायचं म्हणतात. वेड्या आहेत की हुशार, ते तूच जाऊन बघ."

म्हणून मी गेले. चामराजपेटेतल्या आमच्या घरापासून मार्केटच्या स्टेशनवर चालत आणि तिथून मेट्रोने. पीण्यात उतरल्यावर तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास नाकात शिरला. शेड दोन कारखान्यांच्या मधे होती. एका बाजूला लोखंडाचे भाग तापवून कडक करायची भट्टी, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा बनवणारा कारखाना.

बाई पुण्याच्या होत्या, पंचेचाळिशीच्या. माझं आडनाव ऐकून त्या मराठीत बोलायला लागल्या आणि माझं मराठी ऐकून हसू दाबत थांबल्या. आमचं घराणं तीनशेहून जास्त वर्षं इथलंच, कानडी मुलखातलं. आमच्या मराठीत कानडी कधी मिसळली ते आम्हालाही माहीत नाही. मी त्यांना मॅडम म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम नको गं. ताई म्हण." ताई माझ्या जिभेवर बसेना. आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. दोन-तीन दिवसांत त्या अक्का झाल्या आणि अक्काच राहिल्या.

त्यांचं काम त्यांनी मला उभ्या उभ्याच समजावलं. शेजारच्या भट्टीचा धूर पाइपने आत घ्यायचा आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा. भर दुपारी छतावरच्या सोलर पॅनेलांची वीज इतकी असते की ती कुणालाच नको असते. त्या विजेने, तांब्याच्या पत्र्यांवर, त्या वायूतला थोडा ऑक्सिजन काढून घ्यायचा. उरतो कार्बन मोनॉक्साइड, आणि सोबत पाण्यातून निघालेला हायड्रोजन. हे मिश्रण जळतं. दिवसभर ते साठवायचं आणि संध्याकाळी, वीज महाग असते तेव्हा, इंजिनात जाळून शेजारच्या कारखान्यांना स्वस्तात वीज द्यायची. जळून झालेला धूर परत आत.

"ह्यात वीज वाया जात नाही का?" मी विचारलं.

"जाते. पुष्कळ जाते," त्या म्हणाल्या. "पण दुपारी ती तशीही वायाच जाते. आणि धूर तर वरच जातोय. तुझ्या मुलीच्या डोक्यावर."

त्यांचं हे बोलणं मला पटलं. आजही पटतं.

साठवायला शेडच्या मागे एक फुगा होता. करड्या रबरी कापडाचा, बसएवढा. सकाळी तो सोलून टाकलेल्या कातड्यासारखा जमिनीवर पडलेला असायचा. ऊन चढलं की हळूहळू उठायचा आणि तीन-चार वाजता ताठ होऊन पत्र्याला टेकायचा. आमच्याबरोबर काम करणारे ऑपरेटर पन्नाशीचे कन्नड गृहस्थ होते, त्यांना आम्ही दोघी अण्णा म्हणायचो. ते त्या फुग्याला 'आने' म्हणायचे, म्हणजे हत्ती. "आने उठला," असं म्हणत ते जेवायचा डबा उघडायचे.

पहिल्याच दिवशी अक्कांनी मला फुग्याजवळ उभं केलं. "एवढंच लक्षात ठेव. ह्या वायूला वास नाही, रंग नाही. तो खोकला आणत नाही, डोळे झोंबवत नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. तुला काही कळायच्या आत तो जाऊन बसलेला असतो." म्हणून शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवलेल्या होत्या, छताला फटी होत्या, जागोजागी गॅसचे अलार्म होते. निष्काळजी म्हणावं अशी बाई नव्हती ती.

अलार्मचं एक दुखणं होतं. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं त्यातलं यंत्र हायड्रोजनलाही फसायचं. आमच्या एका जोडातून हायड्रोजन किंचित झिरपायचा, तो हलका, लगेच छताच्या फटीतून वर जायचा, पण अलार्म टिकटिकायला लागायचा. विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. म्हणाला, यंत्र ठीक आहे, हा हायड्रोजन आहे, घाबरू नका. मग आम्ही घाबरणं सोडलं. अण्णा बटण दाबून त्याला गप्प करायचे, घरात कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करतात तसं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीने आमचं काम बघायला यायचं ठरवलं. त्यांना आवडलं तर आमच्या शेडच्या कितीतरी पट मोठा प्रकल्प शहराबाहेर उभा राहणार होता. त्या वर्षी गावातल्या बोअरवेल आटल्या होत्या. पीण्यात टँकर यायचे. आमच्या समोरचा रस्ता पाइपसाठी खणून ठेवलेला, लाल धूळ उडून सगळ्यावर बसायची. पाहुण्यांना ह्या उकाड्यात आणि धुळीत कुठे बसवायचं म्हणून अक्कांनी शेडच्या आत काचेची एक केबिन बांधून घेतली. एसी लावला. तिथून सगळी यंत्रं दिसायची. आम्हालाही बरं झालं, तिघंही तिथेच बसायला लागलो.

केबिनमधे एक अलार्म लावला आणि वायू तपासायचं यंत्रही तिथे आणलं. मुख्य पाइपमधून एक बारीक नळी त्या यंत्रात यायची, यंत्र सतत थोडाथोडा वायू ओढून त्यात काय किती आहे ते पडद्यावर दाखवायचं, आणि तपासून झालेला वायू दुसऱ्या नळीने बाहेर सोडायचं. आधी हे यंत्र उघड्या बाजूला होतं. आता त्याची बाहेरची नळी केबिनच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून काढलेली होती. बोटाएवढी पारदर्शक नळी, टेबलामागून गेलेली. ती कुणाला दिसायची नाही.

त्यानंतर डोकेदुखी सुरू झाली. आधी अण्णांना. "तलेनोवु," असं म्हणत ते कपाळ चोळायचे. मग मला. डोक्याभोवती कुणी ओला पंचा आवळावा तसं दुपारनंतर सुरू व्हायचं. एकदा मेट्रोत इतकं मळमळलं की मधल्याच स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहिले. नवरा म्हणाला, "पाणी पीत नाहीस तू." आईने सुंठ उगाळून लावली. त्या उन्हाळ्यात गावात ज्याचं त्याचं डोकं दुखत होतं. पाणी नाही, झोप नाही, एवढी उष्णता ह्या गावाने कधी पाहिली नव्हती. बसमधे, किराणा दुकानात, शाळेच्या दारात सगळीकडे तेच बोलणं. आमच्या दुखण्याला लपायला एवढी मोठी जागा मिळाली होती.

अक्कांचं डोकं दुखतं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांचं वेगळंच चाललं होतं. बोलता बोलता शब्द सुटायचा. "ते हे... ते आपलं..." म्हणत त्या चुटकी वाजवत राहायच्या, आणि शब्द असायचा 'तांबं'. ज्या तांब्याच्या पत्र्यावर त्यांनी आयुष्याची पंधरा वर्षं घालवली, ते तांबं. एकच ईमेल पाहुण्यांना दोनदा गेला. एकदा अण्णांवर अशा कडाडल्या की अण्णा बाहेर जाऊन स्प्रिंगवाल्यांच्या दारात उभे राहिले. संध्याकाळी त्या त्यांना विचारत होत्या, "अण्णा, आज गप्प का?" सकाळचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. आम्ही म्हटलं, ताण आहे. सकाळी सगळ्यांत आधी त्या यायच्या आणि कोरमंगलाच्या घरी सगळ्यांत शेवटी जायच्या. केबिनमधे सगळ्यांत जास्त वेळ त्याच असायच्या. हे वाक्य आज लिहिताना किती सोपं वाटतं.

एका सोमवारी मी त्यांना म्हणाले, "अक्का, रविवारी माझं डोकं दुखत नाही."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. हसण्यावारी नेलं नाही. लगेच हातात धरायचं मीटर घेतलं आणि अण्णांना बरोबर घेऊन शेड फिरल्या. फुगा, जोड, इंजिन, मग केबिन. कोपऱ्याकोपऱ्यात मीटर धरलं. आकडा हलला, पण अगदी थोडा, रोज हलायचा तेवढाच.

"हायड्रोजन," अण्णा म्हणाले.

"हायड्रोजनला न फसणारं यंत्र मागवते," अक्का म्हणाल्या. "पाहुणे येऊन जाऊ देत, पहिलं काम ते."

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ऊन कोवळं होतं, यंत्र नुकतंच सुरू झालेलं, फुगा जमिनीवर, आणि झाडलोट चालली होती म्हणून केबिनचं दार सताड उघडं.

पाहुणे यायच्या दिवशी अक्का नवी पैठणीच्या काठाची साडी नेसून आल्या होत्या. त्या कधी साडी नेसायच्या नाहीत, त्यामुळे अण्णांनी आधी ओळखलंच नाही. पाहुणे चारला येणार होते. दुपारी जेवण झाल्यावर भिंतीवर लावायचे तक्ते आणायला मी मुख्य रस्त्यावरच्या छपाईच्या दुकानात निघाले. मी निघाले तेव्हा अण्णा केबिनमधे खुर्च्या मांडत होते. जागा पुरेना, म्हणून त्यांनी आणि अक्कांनी मिळून ते यंत्राचं टेबल भिंतीला सरकवलं. मी दारातूनच म्हटलं, "सरी, मी येते," आमच्याकडे 'बरं'ला सरीच म्हणतात. अक्कांनी मान न वळवता हात हलवला.

दुकानात गर्दी होती, रंग चुकला, परत छापावं लागलं. खणलेल्या रस्त्यावरून यायला ऑटो मिळेना. मी परतले तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. आत सगळं नेहमीसारखं गुणगुणत होतं. फुगा ताठ होऊन पत्र्याला टेकला होता.

काचेतून मला दोघं दिसली. अक्का खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होत्या. अण्णा मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगेत, हातावर डोकं टेकून. मला वाटलं, दमले आहेत, चार वाजेपर्यंत बसू देत. तक्ते भिंतीशी उभे करून ठेवले. आतला अलार्म टिकटिकत होता, काचेमुळे त्याचा आवाज बारीक येत होता. तो आवाज माझ्या कानात गेला, पण डोक्यात गेला नाही.

मग अक्कांचा फोन वाजायला लागला. आवाज बंद केलेला असणार, कारण तो टेबलावर नुसता थरथरत होता आणि थरथरत अक्कांच्या हाताकडे सरकत होता. सरकत सरकत त्यांच्या बोटांना येऊन लागला. बोटं हलली नाहीत.

मी लाल बटण दाबलं. सगळी यंत्रं बंद पडली आणि त्या शांततेत अलार्म मोठ्याने ऐकू यायला लागला. मी केबिनचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकणार तेवढ्यात पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. मी मागे फिरले आणि स्प्रिंगवाल्यांच्या दारात जाऊन ओरडले. चारजण आले. "आत श्वास घेऊ नका," मी कानडीत सांगत होते, "आधी काच फोडा, काच." त्यांनी लोखंडी कांबीने दोन बाजूंच्या काचा फोडल्या. तोंडाला फडकं बांधू लागलेल्या एकाला मी म्हटलं, फडक्याने काही होत नाही, दम धरून जा आणि ये. दोघं दोघं जाऊन त्यांनी आधी अण्णांना, मग अक्कांना ओढत बाहेर उन्हात आणलं. अक्कांच्या नव्या साडीत काचा अडकल्या होत्या.

ॲम्ब्युलन्सची वाट बघायला वेळ नव्हता. स्प्रिंगवाल्यांचा टेम्पो होता, मागून उघडा. त्यातच दोघांना निजवलं आणि मी मधे बसले. गल्लीच्या तोंडाशी समोरून एक पांढरी मोठी गाडी आली. पाहुणे होते. रस्ता अरुंद, त्यामुळे त्यांची गाडी मागे घ्यावी लागली. काचा बंद होत्या. आतल्या माणसाने टेम्पोकडे पाहिलं आणि परत हातातल्या फोनकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

हॉस्पिटलात दोघांना ऑक्सिजन लावला. मी काचेबाहेरून बघत होते. अक्कांचा चेहरा इतका टवटवीत दिसत होता, गाल गुलाबी, जणू महाबळेश्वरला आठवडाभर राहून आल्यात. डॉक्टरांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "हो. ते चांगलं लक्षण नाही."

अण्णा त्याच संध्याकाळी शुद्धीवर आले. अक्कांना दुसरा दिवस उजाडला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नवऱ्याला ओळखलं, मला ओळखलं, पाहुण्यांचं काय झालं ते विचारलं. आठवड्याने घरी गेल्या. त्यांचा नवरा आयटीत होता, शांत माणूस, तो निघताना माझे हात धरून रडला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अजून काही आठवडे लक्ष ठेवा, कधीकधी हे बरं झाल्यासारखं वाटतं आणि परत उलटतं. तो मला म्हणाला, "सावधगिरी म्हणून सांगतात हो. बघा ना कशी बोलतेय."

टेबल सरकवताना नळी निघाली होती, हे नंतर तपासायला आलेल्या लोकांनी दाखवलं. भिंत आणि टेबल यांच्यामधे ती लोंबत होती. त्याआधीही कितीतरी दिवस ती सैल होती. तिच्या तोंडाशी लाल धुळीचं वर्तुळ बसलं होतं.

तीन आठवड्यांनी मी कोरमंगलाला त्यांच्या घरी गेले. दार नवऱ्याने उघडलं. अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. दोन वर्षं त्या मला तू आणि अगं म्हणत होत्या. मी म्हटलं, "अक्का, चामराजपेटेची मी."

"हो का. छान," त्या म्हणाल्या. मग चहा करते म्हणून उठल्या. बारीक बारीक पावलं टाकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे उंबऱ्याशी थांबल्या. पुढे जाईनात, मागेही वळेनात. नवरा उठला, त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना हळूच वळवून परत आणलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवापासून असं चाललंय."

त्या महिन्यात त्या अजून खाली गेल्या. जेवण भरवावं लागायचं. मग त्यांचा नवरा त्यांना घेऊन पुण्याला, त्यांच्या आईकडे गेला.

शेड बंद झाली. फुगा घडी करून ट्रकवर चढवला तेव्हा अण्णा आणि मी उभे होतो. पण काम संपलं नाही. त्या मोठ्या कंपनीने सगळं विकत घेतलं, आराखडे, यंत्रं, तांब्याचे पत्रे. अक्कांचं गणित बरोबर होतं. गावाबाहेर हायवेलगत आता तो प्रकल्प चालू आहे. अण्णांना तिथे नोकरी मिळाली, कंपनीची बस त्यांना न्यायला येते. मिठाई द्यायला ते बायकोला घेऊन आमच्या घरी आले होते. मी विचारलं, तिथे कसं आहे. म्हणाले, "मोठं आहे. फुगे नाहीत, लोखंडी टाक्या आहेत. एकेक टाकी देवळाएवढी. कंट्रोल रूमला खिडकीच नाही."

"अलार्म?"

"पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "वाजतात अधूनमधून. दुसरी लोकं आहेत त्यासाठी, ती बघतात." त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. मी अण्णांना बरंच काही सांगितलं, नळ्या, दारं, सकाळचं आणि दुपारचं मीटर. ते "सरी, सरी" म्हणत राहिले. मुलीचं लग्न ठरलं होतं त्यांच्या.

मलाही बोलावलं होतं त्या कंपनीने. मी गेले नाही. परत शिकवायला लागले आहे.

अक्का वर्षभराने बऱ्याच सुधारल्या. चालतात, पेपर वाचतात, हाताने जेवतात. बेरीज जमते, गुणाकार जमत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा नवरा व्हिडिओ कॉल लावून देतो. मला त्या आता ओळखतात, नावाने हाक मारतात. गेल्या वेळी एकदम म्हणाल्या, "काय करायचो गं आपण तिथे? हा सांगतो, पण मला नीट कळत नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. भट्टीचा धूर, दुपारची वाया जाणारी वीज, तांब्याचा पत्रा, संध्याकाळचं इंजिन. त्यांनी मला सांगितलं होतं त्याच क्रमाने सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून, मान हलवत ऐकत होत्या.

"चांगलं होतं की," त्या म्हणाल्या. "मग बंद का केलं?"

"बंद नाही केलं अक्का. आता खूप मोठं केलंय."

"मग तू जातेस ना तिथे?"

"मी नाही जात. अण्णा जातात."

त्यांनी जरा विचार केला. मागे त्यांच्या आईचा हात दिसत होता, औषधाची वाटी धरलेला.

"कोण अण्णा?" त्यांनी विचारलं.